पायातला बनियन आणि दारावरची पाटी

आधी तारखा आणि जबाबदार इसम. नेमक्या तारखा माझ्या दप्तरी आहेत. हे लेखन पाय दुखणाऱ्या सर्वांसाठी असल्यामुळे येथे त्या सर्वांना आठवतील अशा खुणांनी देतो.

लातूर जिल्हा झाला त्याच्या पुढच्या सालच्या पोळ्यानंतरचा सोमवार. लातुरातील एका धर्मादाय दवाखान्याच्या दारातून मी तपासणीविना परत आलो. जबाबदार: "पादत्राणे बाहेर काढावीत" अशी पाटी त्या दारावर लावण्याचा निर्णय घेणारे विश्वस्त. दवाखान्याचे नाव येथे मुद्दाम देत नाही. ज्यांचे आहे त्यांना ते कळेल.

त्याच वर्षी, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आदल्या आठवड्यात. त्याच दवाखान्यात माझी छाती तपासण्यात आली. दुखत होता पायाचा अंगठा. जबाबदार: तेथील एक तरुण डॉक्टर आणि काही अंशी इंग्रजी भाषा.

पुढचा उन्हाळा, भीमजयंती नुकतीच झालेली. माझ्या पायावर बिब्बा घालण्यात आला. जबाबदार: शेजारच्या एक मावशी. त्यांना मी माफ केले आहे, कारण बिब्बा घालण्यापूर्वी त्यांनी निदान पाय पाहिला होता.

वैशाख पौर्णिमेनंतर, नांदेड. येथे कोणी जबाबदार नाही. येथे मी बरा झालो.

ही यादी मी घरात वाचून दाखवली तेव्हा माझी पत्नी गयाबाई ज्वारी निवडत होती. ती म्हणाली, "लिव्हायचं तर लिव्हा. पण पैलं नाव तुमचं टाका. बूट काढला असता तर येवढा पसाराच झाला नसता." तिचे म्हणणे मी विरोधासह नोंदवीत आहे. विरोधाची कारणे पुढे येतील.

दुखणे

मी मुखेडच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. कायद्याचे शिक्षण नाही, पण पस्तीशीपासून निवृत्तीपर्यंत जमिनीचे तंटे कागदावर पाहिले, त्यामुळे कोणत्या गोष्टीला आधार आहे आणि कोणती नुसती वहिवाट आहे, एवढे ओळखू येते.

निवृत्तीनंतर मुखेडच्या विहिरी आटल्या. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा माझा मुलगा मिलिंद याची तेथील जिल्ह्याच्या कचेरीत बदली झाली होती. तो म्हणाला, इथे नळाला निदान दिवसाआड पाणी आहे, या. आम्ही गेलो. काही महिन्यांत लातूरचा नळही थंडावला आणि गल्लीत टँकर येऊ लागला. पाण्याच्या बाबतीत आम्ही एका तालुक्याचा दुष्काळ सोडून एका जिल्ह्याच्या दुष्काळात आलो, इतकाच फरक.

टँकरच्या रांगेत उभे राहण्याचे काम माझ्याकडे आले, कारण घरात रिकामा मीच होतो. उभे राहू लागलो तेव्हा दुखणे ध्यानात आले. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, आतल्या बाजूला, सुपारीएवढी गाठ आली होती. अंगठा स्वतःची जागा सोडून शेजारच्या बोटाकडे कलला होता. बुटात पाय घातला की गाठ घासली जाई, लाल होई, आणि संध्याकाळी पायात ठोके पडत. घरी बसलो तर दुखत नसे. चालून चार घागरी आणल्या की रात्रभर तळपाय उशीवर ठेवावा लागे.

या दुखण्याला आपल्याकडे नाव नाही, ही पहिली अडचण. कोणी म्हणाले कुरूप आहे, कोणी भोवरी, कोणी वात. मिलिंद म्हणाला, हाड वाढले असेल. गयाबाई म्हणाली, गाठ आहे. त्या रात्री कोणी नीट जेवले नाही. माझ्या सख्ख्या चुलतभावाला मानेत गाठच आली होती, आणि तो वर्षभरही राहिला नाही.

ज्याला हे दुखणे आहे त्याला माझे पहिले सांगणे हेच. नाव नसलेल्या दुखण्याला घरचे लोक सर्वांत वाईट नाव देतात. म्हणून त्याचे खरे नाव लवकर विचारावे.

पाटी

लातूर जिल्हा होताच पुष्कळांना आपण मोठे झाल्यासारखे वाटले. हॉटेलांनी नावात जिल्हा घातला, या दवाखान्यानेही घातला. भिंतींना नवा रंग दिला आणि दारावर नवी पाटी लावली.

दारात एक शिपाई स्टुलावर बसलेला होता. तो म्हणाला, "काका, पायताण भाईर."

मी विचारले, का.

"पाटी हाय."

पाटी कोणी लावली, कोणत्या ठरावाने, असे मी विचारले.

"मला स्टुलावर बसायचा पगार हाय, काका. पाटी लावायचा न्हाई."

त्याच्यावर माझा राग नाही. त्याने वस्तुस्थिती सांगितली. मी परत फिरलो. गयाबाई माझ्यामागून आली.

आता विरोधाची कारणे. माझे वडील गावात चावडीवरून जाताना वहाणा पायातून काढून काखेत धरीत. निजामाचे राज्य होते. तसा कायदा कोठे लिहिलेला नव्हता. मी पुढे मुद्दाम शोधला, कोठेही नव्हता. नुसती वहिवाट होती. उन्हाळ्यात चावडीपुढची फरशी तापलेली असे आणि वडील त्यावरून पळत नसत, कारण पळालेलेही चालत नसे. मी लहान होतो, त्यांच्या मागे असे. पुढे मी नोकरीला लागलो, दीक्षा घेतली, आणि पहिल्या पगारातून नाडीचे काळे बूट घेतले. पुढे निमुळते होते. दुकानात तेवढेच होते. ते घालून मी त्याच चावडीवरून गेलो. कोणी काही बोलले नाही. त्या दिवसापासून कोणाच्या सांगण्यावरून बूट काढायचा नाही, असा माझा नियम आहे. विहारात काढतो. घरात काढतो. तेथे कोणी हुकूम देत नाही.

हे मी शिपायाला सांगितले नाही. रांगेत उभ्या असलेल्या माणसांपुढे सांगण्याची ती गोष्ट नव्हती. म्हणून मी नियम विचारला. माणूस दुखणे सांगू शकत नाही तेव्हा नियम विचारतो.

छाती

दुखणे वाढले. मी त्या दवाखान्याच्या विश्वस्तांना एक अर्ज लिहिला, त्याची प्रत जिल्ह्याच्या कचेरीत दिली. उत्तर आले नाही. दुसरा लिहिला. एका संध्याकाळी मिलिंद घरी आला आणि सदरा न बदलता समोर बसला. "दादा," तो म्हणाला, "तुमचे अर्ज कोणाच्या टेबलावर येतात, ठाऊक हाय का? माझ्या. आवक नोंदीत माझ्या हातानं लिव्हावं लागतं, अर्जदार अमुक, विषय बूट. कचेरीत लोक मला विचारतात, आज बुटाचं टपाल आलं का."

मी म्हणालो, नोंद बरोबर कर. तो उठून आत गेला. त्यानंतर कित्येक दिवस तो माझ्याशी जेवणापुरते बोलत होता.

शेवटी गयाबाईने तोड काढली. त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात एक खिडकी होती, औषधे देण्याची. तेथून आतला डॉक्टर दिसत असे. तिने मला त्या खिडकीशी नेऊन उभे केले आणि आत हाक मारली. डॉक्टर तरुण होता, पुण्याकडून आलेला असावा. तो कागदावरून मान वर न करता म्हणाला, सांगा. मी खिडकीतून सांगितले: उजव्या अंगठ्याच्या मुळाशी गाठ, अंगठा आत वळलेला, चालताना दुखते.

तो म्हणाला, "बनियन आहे."

मला वाटले, विचारतो आहे. मी म्हणालो, "आहे."

"किती दिवसांपासून?"

"रोज बदलतो."

त्याने कागदावर काही लिहिले. मग म्हणाला, "घट्ट होतं का?"

"धुतल्यावर थोडा होतो."

"काढा, बघू."

मी सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या. सदरा काढला, बनियन काढला आणि खिडकीच्या गजांपुढे उघडा उभा राहिलो. माझ्यामागे पंधरावीस माणसे होती. दुष्काळातली धूळ घशात बसलेली होती, त्यामुळे नेमका त्याच वेळी मला खोकला आला. डॉक्टरने मान वर केली, समोर छाती दिसली, म्हणून त्याने गजांतून हात घालून नळी लावली. श्वास घ्या, सोडा. पाठ करा. मग खोकल्याचे औषध लिहून दिले.

मी कपडे घालत असताना मला खिडकीतून टेबलाखालचा भाग दिसला. डॉक्टरच्या पायांत बूट होते. तपकिरी, चकचकीत. दाराच्या आत.

परत येताना गयाबाई पदर तोंडाला लावून चालत होती. मला वाटले रडते आहे. ती हसत होती. "अंगावरचं सगळं काढलं," ती म्हणाली, "फक्त बूट तेवढा न्हाई काढला."

ते औषध मी पूर्ण घेतले. खोकला गेला.

बिब्बा

मग उन्हाळा आला आणि टँकर गल्लीच्या तोंडाशीच थांबू लागला. घागरी लांबून आणाव्या लागत. मी लंगडू लागलो. शेजारच्या मावशी हे रोज पाहत होत्या. एके दिवशी त्या घरातच आल्या आणि म्हणाल्या, दाखवा पाय. घरात मी अनवाणीच होतो, त्यामुळे नियमाचा प्रश्न उद्भवला नाही. त्यांनी गाठ दाबली आणि कुरूप असल्याचा निकाल दिला. कुरुपावर बिब्बा, हा आमच्याकडचा जुना इलाज. त्यांनी बिब्बा तापवून त्याचे तेल गाठीवर लावले.

ज्यांना हे दुखणे आहे त्यांना हात जोडून सांगतो, हे करू नये. कुरूप म्हणजे कातडीचा घट्टा, तो वरचा असतो. ही गाठ खालच्या सांध्याची असते, वरची कातडी निरोगी असते. बिब्ब्याने ती निरोगी कातडी जळाली. फोड आला, फुटला, त्यावर मी पुन्हा बूट चढवून पाण्याला गेलो. काही दिवसांत पाऊल सुजले, आणि गाठीभोवतीचा भाग काळा पडला.

काळा. परटाने कपड्यावर खूण करावी तसा काळाकुट्ट. धुतला तरी जाईना. मिलिंदने तो पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. त्याच्या कचेरीतल्या एका शिपायाच्या सासऱ्याचा पाय असाच काळा पडून घोट्यापासून कापला होता. तो म्हणाला, "दादा, नांदेडला जायचं. आत्ता." त्या वेळी तो माझ्यावर रागावलेला नव्हता. तो भ्यालेला होता, आणि मुलगा भ्यालेला पाहणे बापाला स्वतःच्या भीतीपेक्षा जड जाते.

एस.टी.त मला खिडकीची जागा दिली. पाय पिशवीवर ठेवला. अहमदपूर गेल्यावर रस्त्याकडेच्या सगळ्या नद्या वाळूच्या होत्या. मी मनात हिशेब करीत होतो तो हा: घोट्यापासून गेला तर काठीने चालता येईल. काठीने चाललो तर घागर धरता येणार नाही. मग पाणी गयाबाई आणील. तिचे गुडघे माझ्या पायापेक्षा आधी गेलेले आहेत. पाय जाण्यात मला एवढेच सारखे दिसत होते की ती माझ्या वाट्याची घागर घेऊन येते आहे. बुटाचा विचार पूर्ण प्रवासात एकदाही आला नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो.

निदान

नांदेडच्या दवाखान्यात पाटी नव्हती. तरी मी दारात थांबलो, सवयीने. पाय सुजल्यामुळे बूट चढत नव्हता, तो नाडी सोडून टाच दाबून कसाबसा अडकवलेला होता. एक डॉक्टरीणबाई होत्या, माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या असतील, देगलूरकडच्या. बोलताना मधूनच एखादा शब्द तेलुगू वळणाने येई. त्यांनी स्टूल ओढले, माझ्या पुढ्यात बसल्या आणि म्हणाल्या, "काका, तुम्हाला वाकता येणार नाही. बूट मी काढू का?"

मी म्हणालो, तुम्ही काढू नये. माझा मी काढतो.

"काढा. आणि इथं ठेवा." त्यांनी शेजारच्या खुर्चीवर वर्तमानपत्र पसरले. मी बूट काढला आणि खुर्चीवर ठेवला. तो तेथे रुग्णासारखा बसून राहिला.

त्यांनी आधी काळा भाग दाबला. मी ओरडलो. "दुखतंय? छान," त्या म्हणाल्या. मग कापसाने बराच वेळ पुसले, कडेची कातडी चिमट्याने उचलली, आणि खाली लाल, ओले, जिवंत मांस दिसले. "कोणी बिब्बा घातला?" त्यांनी विचारले. काळे होते ते मेलेले मांस नव्हते. बिब्ब्याचा डाग होता. परीट त्याच बिब्ब्याने खुणा करतात हे मला आयुष्यभर ठाऊक होते. आम्हा सर्वांनाच ठाऊक होते. भीतीने ते एकालाही आठवले नव्हते.

मिलिंद भिंतीला टेकला आणि खाली बसला.

जखमेत पू होता, साखर तपासायची होती, काही दिवस भरती व्हावे लागणार होते. पण पाय जाणार नव्हता, अंगठाही जाणार नव्हता. मग मी मूळ गाठीचे विचारले. त्या म्हणाल्या, "ते वेगळं. त्याला इंग्रजीत बनियन म्हणतात."

मी स्वतःच्या सदऱ्याकडे पाहिले. मग त्यांना लातूरची खिडकी सांगितली. त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. बाहेरून परिचारिका आत आली, तिलाही सांगावे लागले. मिलिंद खाली बसल्या बसल्या हसत होता. कित्येक महिन्यांत तो माझ्यासमोर हसला नव्हता.

त्यांनी समजावले ते माझ्या भाषेत मांडतो. हाड वाढलेले नसते. सरकलेले असते. अंगठ्याच्या मुळाचा सांधा हळूहळू बाहेर येतो आणि अंगठ्याचे टोक आत, शेजारच्या बोटाच्या हद्दीत जाते. बांध कोरणाऱ्या शेतकऱ्यासारखे. वर्षाला बोटभर, कोणाच्या लक्षात येत नाही, आणि लक्षात येते तेव्हा शेजाऱ्याची जागा गेलेली असते. निमुळत्या बुटाने ते लवकर वाढते आणि घासून दुखते.

मी विचारले, म्हणजे बुटाने झाले. कबूल करण्याची मी तयारी ठेवली होती.

त्यांनी उलट विचारले, घरात आणखी कोणाचा पाय असा होता का. मी नाही म्हणणार होतो. आणि मला आईचा पाय दिसला. चुलीपुढे बसलेली, पाय एका बाजूला घेतलेले, आणि अंगठ्याच्या मुळाशी हीच गाठ. दोन्ही पायांना. आम्ही समजत होतो, काट्यादगडांत राबून झाली. माझ्या आईने आयुष्यात पायात काही घातले नाही. एकदाही नाही.

"मग झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पायाची ठेवण आईकडून आली. बुटानं फक्त त्रास वाढवला. बूट सोडायचे नाहीत, काका. रुंद घ्यायचे."

मी कचेरीत असतो तर लिहिले असते: आरोपी बूट, मुख्य आरोपातून मुक्त, किरकोळ आरोप शाबीत. तेथे मात्र मी हाताने तो अंगठा चाचपला. ज्या गोष्टीला मी माझ्या बुटांची शिक्षा समजत होतो ती माझ्या आईची खूण निघाली. मिलिंदने विचारले, "आजी अनवाणीच हिंडायची?" त्याला हे ठाऊक नव्हते. आजोबांच्या वहाणांचेही ठाऊक नव्हते. ते त्याला मी त्या दिवशी, वॉर्डात खाट मिळेपर्यंत बाकावर बसून सांगितले. तो ऐकत होता. शेवटी एवढेच म्हणाला, "मग अर्जात हे का न्हाई लिव्हलं?"

मी म्हणालो, अर्जात कारण द्यायचे असते, गाऱ्हाणे नाही.

"ह्येच कारण हाय, दादा," तो म्हणाला.

वॉर्ड

साखर नव्हती. ही दुसरी सुटका.

वॉर्डातला दिवस पाण्याने सुरू होई. सकाळी नळाला बारीक धार येई आणि ज्यांचे नातेवाईक चालते होते ते बादल्या घेऊन धावत. जखमेसाठी लागणारे पाणी परिचारिका आधी वेगळे काढून झाकून ठेवीत, त्याला कोणी हात लावत नसे. तहानलेल्या माणसांच्या वॉर्डात झाकलेले पाणी झाकलेलेच राहते, ही गोष्ट मी पाहिली म्हणून सांगतो. मग सुई, मग पट्टी बदलणे. पट्टी काढताना चिकटलेली असे. पहिले दोन दिवस मी दात आवळले, नंतर शेजारच्या खाटेवरच्या लिंबाजींनी मला ओरडायला शिकवले.

लिंबाजी किनवटकडचे शेतकरी. त्यांच्या पायात काटा मोडून तो सडला होता आणि दोन बोटे काढावी लागली होती. माझी पट्टी सुटली की ते मान उंच करून पाहत. एकदा म्हणाले, "साहेब, तुमचा अंगठा लई चिकटून राहिला त्या बोटाला. लग्न लावून द्या त्यांचं." मी म्हणालो, हे अतिक्रमण आहे. ते म्हणाले, "माझ्याकडं तर दोन जागा मोकळ्याच हायेत. या म्हणावं." ज्याची बोटे गेली तो माणूस ज्याचे बोट नुसते वाकडे आहे त्याला हसवीत होता. माझ्या रागाला त्या वॉर्डात उभे राहायला जागा उरली नाही.

गयाबाई लातूरहून आली तेव्हा तिने डबा ठेवला, पट्टी पाहिली, आणि कापलेला आहे की नाही हे स्वतःच्या हाताने चाचपून घेतले. मग म्हणाली, "हाय." एवढेच. तिने पदराने माझा दुसरा, चांगला पाय पुसला.

आता

जखम भरली. गाठ आहे. ती राहणार. शस्त्रक्रिया करून हाड सरळ करता येते, पण दुखणे रोजचे झाले आणि चालणे थांबले तरच ती करावी, असा सल्ला मिळाला. मला गरज पडलेली नाही.

ज्यांना हे आहे त्यांनी पुढे रुंद, मऊ, बोटे हलतील असा जोडा घ्यावा. तो संध्याकाळी घ्यावा, कारण तेव्हा पाय फुगलेला असतो आणि खरे माप सांगतो. अंगठा आणि शेजारच्या बोटामध्ये कापसाची छोटी सुरळी ठेवावी. घरी बसल्या बसल्या अंगठा हाताने सरळ करून धरावा. दुखरा पाय वर ठेवावा. कापू नये, जाळू नये, टोचू नये. साखर असेल तर एक ओरखडाही लपवू नये. आणि गाठ म्हणून घाबरू नये, दाखवावी.

माझे जुने बूट गयाबाईने विळीवर धरून गाठीच्या जागी गोल कापले. मी पाहत होतो. त्या भोकातून गाठ बाहेर येते, मोजा दिसतो, पॉलिश तेवढी जागा सोडून करावे लागते. नवे रुंद बूट झाले आहेत, पण सकाळी फिरायला मी हेच घालतो. आता मी थोरल्या रस्त्याने जिल्ह्याच्या कचेरीपर्यंत जाऊन येतो आणि दुखत नाही. दुखत नाही हे दोन शब्द ज्याने लिहिले त्यालाच त्यांची किंमत कळते.

टँकरच्या रांगेतही पुन्हा मीच असतो.

विचारणा

हे लेखन येथेच संपवून शांत बसावे, असे मिलिंदचे मत होते. माझेही जवळपास तेच झाले होते. परंतु मागच्या आठवड्यात मी गयाबाईचे गुडघे दाखवायला त्याच धर्मादाय दवाखान्याकडे गेलो. ती चप्पल काढून आत गेली. तिचा प्रश्न तिचा. मी व्हरांड्यात थांबलो.

चाकूरकडची एक बाई आली. एकटी. एका पायाला फडके गुंडाळलेले आणि त्या फडक्यावरून चप्पल सुतळीने बांधलेली, कारण पाय सुजून चपलेत मावत नव्हता. शिपाई नवा होता, वाक्य जुने होते. बाई सुतळी सोडायला बसली. गाठ सुटेना, पाय वाकेना. फरशी तापलेली होती. तिने थोडा वेळ पाटीकडे पाहिले. वाचता येत होते की नाही कोणास ठाऊक. मग उठली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बापा, पुन्हा येते," आणि गेली. मी हाक मारली. फाटकापर्यंत गेलो. ती रिक्षांच्या गर्दीत दिसेनाशी झाली होती.

तिचा पाय कोणी पाहिला नाही. फडक्याखाली काय होते, काळे होते की लाल, मला ठाऊक नाही, त्या दवाखान्यालाही नाही. ती पुन्हा येणार नाही. मी दवाखाने आणि कचेऱ्या दोन्ही पाहिल्या आहेत. पुन्हा येते म्हणणारी माणसे मला ठाऊक आहेत.

मी अध्यक्षांना भेटलो. ते म्हणाले, स्वच्छतेसाठी आहे. दुष्काळामुळे फरशी कधीपासून पुसली नाही, असे मी विचारले. ते म्हणाले, शिस्त असते. मग डॉक्टरांचे बूट आत कसे, असे विचारले. ते म्हणाले, लेखी द्या.

लेखी देणे झाले. आता जाहीर विचारतो. लोकांच्या देणग्यांवर आणि सरकारने दिलेल्या जागेवर उभा असलेला दवाखाना खाजगी घर नव्हे. म्हणून विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षांनी, बंद खोलीत नव्हे, दवाखान्याच्या त्याच व्हरांड्यात, बाह्यरुग्णांच्या वेळेत, रांगेतील माणसांसमोर सांगावे: ही पाटी कोणत्या ठरावाने लागली. ती डॉक्टरांना का लागू नाही. ज्याला पायताण काढता येत नाही, किंवा काढवत नाही, त्याचा पाय तपासण्याची जबाबदारी कोणाची. आणि चाकूरची ती बाई कोठे आहे.

दिवस त्यांनी ठरवावा. माझी खुर्चीची मागणी नाही. मला आता उभे राहता येते.